सत्तावीस नंबरचं तांबं

६ फेब्रुवारी

पेस्टचा खोका आला नाही. चार दिवस झाले, माझे दात वाटीत पडून आहेत. मी त्यांच्याकडे बघते, ते माझ्याकडे. काल खालच्या मजल्यावरची शिंपीण वर आली, मी दोन वाक्यं बोलले आणि ती बया तोंडात टाचण्या धरून हसली. एखादी गिळली असती तर मी पाणी दिलं असतं, पण सावकाश. दर दोन महिन्यांनी दात चिकटवायच्या पेस्टच्या चोवीस ट्यूबा पाठवीन, असं तू कबूल केलंस. मी मागितल्या नव्हत्या. कबूल करायचं आणि मग प्रयोगशाळेत जाऊन बसायचं, ही कुठली रीत?

झाली तक्रार. आता भिंगरी, आशीर्वाद घे.

तुझं काम केलं. आमच्या वाइंडिंगच्या कारखान्यातली जिवंत असलेली माणसं शोधली. अकरा निघाली, मी बारावी. नर्सबाई तुझ्या नळ्यांचा डबा घेऊन आली. सगळ्यांना शिंपिणीच्या खोलीत बसवलं, कारण जिने चढायला कोणी तयार नाही. मुकादम रांगेत सगळ्यात पुढे, आणि सुई दिसल्यावर सगळ्यात आधी खुर्चीत आडवा. चाळीस माणसांवर ओरडायचा हा माणूस! आमच्यातल्याच लंबूनं त्याला वर्तमानपत्रानं वारा घातला आणि बातम्याही वाचून दाखवल्या. मला सत्तावीस नंबर मिळाला. आधीचे सव्वीस म्हणे दुसऱ्या कारखान्यांतले. असोत.

चाळीस वर्षं जळक्या मोटारींतली जुनी तार उपसून नवी भरली. ते तांबं आमच्या अंगात शिरलंय का, हे तुला बघायचंय. शिरलं असतं तर मुकादम एव्हाना हिरवा पडला असता.

पाय कसे आहेत, असं विचारलंस. दोन आहेत, जागेवर आहेत. परवा मात्र गंमत झाली. बाजारातून येत होते, तर दूधवाला मागून पळत आला आणि माझी चप्पल हातात दिली. अर्धी गल्ली मी एका चपलेनं चालून आले होते. पट्टा सैल झालाय, दुसरं काही नाही. तुझ्या बापाला सांगू नकोस. तो लगेच मला उचलून आपल्या सहाव्या मजल्यावर ठेवील, कुंडीसारखी.

फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज मोटार जळताना येतो तसा येतो. कागदावर तू शहाणी वाटतेस.

आजी


१७ फेब्रुवारी

आजी,

खोका काल पाठवला, चोवीस ट्यूबा आहेत. उशीर झाला, चूक माझी. दुकानात तीच निळ्या टोपणाची संपली होती आणि दुसरी तुला चालत नाही, म्हणून तीन दुकानं फिरले.

नळ्या पोचल्या, अकरा जणांना माझा नमस्कार सांग. मुकादमकाकांना वेगळा.

तुम्ही बारा आणि तुमच्यानंतर आलेले चौघे धरून आमची संख्या बेचाळीस झाली. बेचाळीस झाल्याशिवाय मॅडम पुढे जाऊ देत नव्हत्या. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. चोवीस एप्रिलला समितीसमोर अहवाल मांडायचाय. तो पटला तर माझी नेमणूक दोन वर्षं वाढेल. नाही पटला तर मी काय करीन, ते मलाही माहीत नाही. बसवत नाही आजी. उठते, खिडकीपर्यंत जाते, परत येते. तू म्हणायचीस ना, वाइंडिंगच्या फिरत्या स्टुलावर बसवलं की मी गरगरायची थांबायचे नाही. ते स्टूल गेलं, गरगरणं राहिलं.

आमची खोली तुला आवडली असती. चपला बाहेर, अंगठी बाहेर, बांगड्या बाहेर. आम्ही मोजतो ते इतकं थोडं असतं की दाराची कडी हाताला लागली तरी आकडा बदलतो. पाण्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचल्याशिवाय मी ती उघडत नाही. मॅडम म्हणतात, आपलं काम म्हणजे निम्मं मोजणं आणि निम्मं घाणीशी भांडण.

बाबा म्हणाले तुझ्या कपाळाला टेंगूळ आलंय. कशानं?

भिंगरी


१ मार्च

कपाटाच्या दारानं. दार उघडं होतं, मी वाकले, उठले, लागलं. तुझ्या बापाला मी हेच सांगितलं आणि तो कपाटाकडे असा बघत राहिला की कपाटच शरमलं.

खोका मिळाला. दात परत तोंडात आले. शिंपिणीला मुद्दाम हाक मारून पाच मिनिटं बोलले, एकही टाचणी हलली नाही. हिरड्या झिजल्या भिंगरी. कवळी केली तेव्हा तोंड भरलेलं होतं, आता ती आत नाचते. सकाळी लावते, दुपारी जेवायच्या आधी लावते, संध्याकाळी पुन्हा. कंजुषी केली की घास एकीकडे आणि दात दुसरीकडे. नवी कवळी करायची तर दातवाल्याकडे चार खेपा, आणि खेपा म्हणजे तुझा बाप सोबत. नको.

तो परवा दीड तास बसला. आई, जिना चढउतार झेपत नाही तुला. आई, एकटी कशाला. आई, आमच्याकडे लिफ्ट आहे. मी म्हटलं, लिफ्टमध्ये राहायचंय का मला? त्याला हसू येत नाही, त्याच्या आजोबांवर गेलाय.

माझ्या दोन खोल्या बऱ्या. खिडकीतून कारखान्याचं फाटक दिसतं. आता तिथे गाद्यांचं गोदाम आहे, पण फाटक तेच आहे आणि अजून तसंच करकरतं. सहाव्या मजल्यावरून काय दिसणार? दुसरा सहावा मजला.

एक विचारू का, तू शास्त्रज्ञ आहेस म्हणून. हल्ली साबणात काय घालतात? तोंड धुताना डोळे मिटले की बेसिन एका बाजूला सरकतं. मी आता डोळे उघडे ठेवून धुते. झोंबतं, पण बेसिन जागेवर राहतं. साबण बदलून बघते.

माझा आकडा आला का? मुकादमापेक्षा जास्त असेल तर आधी मला कळव.

आजी


२० मार्च

आजी,

रागावणार नसशील तर लिहिते. रागावणार असशील तरी लिहावं लागेल.

तुझा नमुना खराब निघाला. एकेचाळीस जणांचे आकडे एका ओळीत बसलेत, मुकादमकाका अगदी मधोमध. तुमच्या कुणाच्या अंगात तांबं साठलेलं नाही, हे सुरेख सिद्ध होतंय. फक्त सत्तावीस नंबर वेडावाकडा आहे. आमचं यंत्र एकाच वेळी तांबंही मोजतं आणि जस्तही. दोन्ही शंभराच्या आसपास हवं. तुझं जस्त दोनशे चाळीस आलं आणि तांबं नऊ. नऊ, आजी! चालत्याबोलत्या माणसाचा हा आकडा नसतो.

नर्सबाईंनी तुझं रक्त दुसऱ्याच नळीत घेतलं का? रबरी बूच असलेल्या? रबरातून जस्त उतरतं, हे मी त्यांना तीन वेळा बजावलं होतं. की तू मध्येच नळी हातात घेऊन बघितलीस? तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मॅडम म्हणाल्या, दूषित नमुना, वगळा. मी वगळला. तक्त्यात आता एकेचाळीस माणसं आहेत आणि ओळ सरळ दिसते. वाईट वाटून घेऊ नकोस, असं प्रत्येक अभ्यासात होतं. फक्त नेमकं काय झालं ते कळव, म्हणजे मला टिपेत लिहिता येईल.

साबणाचं काही नसावं. घाईत आहे.

भिंगरी


२७ मार्च

मला वगळलं. अकरा माणसं हाताला धरून आणली मी, त्यांना बिस्किटं दिली मी, मुकादमाच्या तोंडावर पाणी मारलं मी, आणि वगळलं कुणाला तर मला.

नळी तुझीच होती, निळ्या टोपणाची, पुठ्ठ्याच्या डब्यातली. मी हात लावला नाही. नर्सबाईला विचार, ती माझ्यासारखीच तोंडाळ आहे, खोटं बोलणार नाही.

आता गप्प बसून ऐक. चौथीपर्यंत शिकले मी, पण तांब्याचा हिशेब मला शिकवू नकोस.

जळकी मोटार दुकानात आली की पहिलं काम काय, तर जुनी तार उपसायची आणि काट्यावर ठेवायची. जेवढी निघाली तेवढीच नवी भरायची. तार निघते तेव्हा कशी असते? वार्निश लागलेलं, कागद चिकटलेला, तेल, माती. म्हणून काटा नेहमी थोडं जास्त दाखवतो. आम्ही समजून घ्यायचो, घाण आहे, चालायचंच. पण काटा कमी दाखवू लागला की मुकादम घाण आहे असं म्हणायचा नाही. तो फाटक बंद करायचा. घाण चढते भिंगरी. घाण कधी उतरते का? वजन कमी भरलं म्हणजे तांबं कुणीतरी नेलंय. एकदा दोन महिने कमी भरत होतं. शेवटी रंगाऱ्याला शर्ट काढायला लावला, तर कमरेला बारीक तार गुंडाळलेली, पट्ट्यासारखी, शंभर एक फेरे. दिसायला माणूस सडपातळ.

तू म्हणतेस जस्त वाढलं, रबरामुळे वाढलं. वाढलं असेल. पण तांबं नऊ का? ते कोणत्या रबरानं खाल्लं? एवढी शिकलीस, चपला बाहेर काढून आत जातेस, आणि आकडा कमी दिसल्यावर फाटक बंद करायचं सोडून आकडाच बाहेर फेकलास.

मी परत रक्त देते. नर्सबाईला वर पाठव. खाली उतरणं सध्या जमत नाही. जिन्याचा कठडा हलतोय.

आजी


३ एप्रिल

आजी,

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा मी उठून यंत्राच्या खोलीत गेले. तुझ्या नळीत थोडं रक्त शिल्लक होतं, ते पुन्हा मोजलं. नऊ.

घाणीनं आकडा वाढतो, कमी होत नाही. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच शिकवते. आणि तुझ्या बाबतीत मला ते सुचलं नाही, कारण ओळ सरळ हवी होती.

नर्सबाई सोमवारी येईल. तिच्याशी भांडू नकोस.

आता खरं सांग. मी आधीची पत्रं काढून समोर ठेवलीत. चप्पल निसटली ते तुला कळलं नाही. पट्टा सैल होता म्हणून कळलं नाही, की पायाला चप्पल आहे की नाही हेच कळत नाही? कपाळाला कपाटानंच लागलं? डोळे मिटले की बेसिन सरकतं, की तू सरकतेस? कठडा कधीपासून हलतोय? पायाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं का?

दुसरं. अंगात जस्त फार गेलं तर ते तांब्याला टिकू देत नाही. आतड्याच्या पेशी जस्त आवरायला एक पदार्थ बनवतात आणि तो पदार्थ तांब्यालाच घट्ट धरून बसतो. मग त्या पेशी झडतात आणि तांबं त्यांच्याबरोबर बाहेर. तुझा रंगारी, कमरेला तार गुंडाळलेला. पण त्याला आत सोडलं कुणी? तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू लिहून पाठव. गोळी, पावडर, काढा, कुणी दिलेलं चूर्ण, सगळं. लपवू नकोस. तांबं नसेल तर पाठीच्या कण्यातल्या नसा मरत जातात, आणि उशीर झाला तर परत येत नाहीत.

मी बाबांना काही बोललेले नाही.

भिंगरी


११ एप्रिल

नर्सबाई येऊन गेली. भांडले नाही. तिनंच सुरुवात केली होती.

तू विचारलंस म्हणून लिहिते, आणि एकदाच लिहिते.

पायाखाली कापूस नाही, पाय म्हणजेच कापूस. घोट्यापर्यंत. गेल्या वर्षीपासून. आधी बोटं गेली, मग टाच. खाली बघत चालले तर चालता येतं, वर बघितलं की तोल गेला. चार वेळा पडले. एकदा बेसिनपाशी, ते टेंगूळ. दोनदा जिन्यात. चौथ्यांदा कुठे ते सांगणार नाही, हसशील. कठडा कधीच हलला नाही, कठड्यानं मला धरून ठेवलंय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले होते. त्यानं गुडघ्यावर हातोडी मारली आणि म्हणाला, आजीबाई, वय झालं. मी म्हटलं, वय डोक्याचंही झालंय, ते चालतंय की. त्यानं पुढचा पेशंट बोलावला.

तुझ्या बापाला सांगायचं नाही, ही अट. ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी माझ्या दाराला कुलूप लागेल. पडले तर माझ्या घरात पडेन. त्याच्याकडे न पडता बसून राहणं मला जमायचं नाही.

आता यादी. सकाळी चहा, दोनदा. पाव, चहात बुडवून. दुपारी भात, भाजी, कधी अंडं. रात्री दूध. रक्तदाबाची अर्धी गोळी. डोकं दुखलं तर शिंपिणीकडची गोळी. सुपारी सोडली, दातांमुळे. काढा नाही, चूर्ण नाही. लंबूनं ताकदीची बाटली आणून दिली होती, ती मी झाडाला घातली आणि झाड मेलं. बस्स. दिवसभरात याच्यापलीकडे मी काही गिळत नाही. चोर तुझ्याच पुस्तकात शोध, माझ्या घरात नाही.

यादीच्या नादात मुख्य राहिलं. पेस्टच्या दोनच ट्यूबा उरल्यात. हल्ली दोन दिवसांत एक संपते, बोटभर लावल्याशिवाय धरत नाही, आणि जेवताना निम्मी विरघळून पोटात जाते. या वेळी उशीर करू नकोस.

आजी


१५ एप्रिल

आजी,

पेस्ट थांबव. आत्ता, हे वाचता वाचता. दात काढून वाटीत ठेव आणि दोन्ही ट्यूबा नर्सबाईकडे दे, फेकू नकोस, मला हव्यात.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. मी दुकानात गेले, निळ्या टोपणाची ट्यूब घेतली आणि दारातच उभी राहून मागची अक्षरं वाचली. सहावा शब्द, जस्त. परत येऊन यंत्रात टाकली. पहिल्यांदा आकडा मोजपट्टीच्या बाहेरच गेला, हजारपट पातळ करावी लागली.

दोन वर्षं. दर दोन महिन्यांनी चोवीस. मी विकत घेतल्या, मी पुठ्ठ्यात बांधल्या, मी पत्ता लिहिला. दुसरी पेस्ट तुला चालत नाही म्हणून तीन दुकानं फिरले. पाण्याच्या बाटलीवरचं वाचते मी. हे वाचलं नाही, कारण हे कामाचं नव्हतं, घरचं होतं.

दुसरं रक्तही तसंच आलं. तांबं आठ.

आणि तुझी अट मी मोडली. काल रात्रीच बाबांना सगळं सांगितलं. ते शनिवारी येतील आणि तुला मोठ्या इस्पितळात नेतील. मला शिव्या दे, पण जा.

भिंगरी


१९ एप्रिल

तुझा बाप आला. बॅग भरतोय. माझ्या साड्या गाद्यांसारख्या गुंडाळतोय.

तू सांगितलंस. बरं. आता मला पत्र लिहू नकोस.


३० एप्रिल

आजी,

बाबा म्हणाले, तांब्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस सुईतूनही दिलं. रक्त सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. पायांचं ते सांगत नाहीत. माझं पत्र आलं तर उघडणार नाही, उशीखाली टाकीन, असं तू म्हणतेस, असंही बाबा म्हणाले. तरी लिहिते.

चोवीस तारखेला अहवाल मांडला.

भिंगरी


२१ मे

आजी,

मागच्या पत्रात एकच वाक्य लिहून थांबले होते. उरलेलं लिहिते.

मांडला तो एकेचाळीस जणांचा. आदल्या दिवशी मी मॅडमकडे गेले होते, तुझे दोन्ही आकडे आणि पेस्टचा आकडा घेऊन. त्या म्हणाल्या, ही वेगळी गोष्ट आहे, एका माणसाची. आपला प्रश्न तारेचा आहे, दातांचा नाही. छापून झालंय, समिती उद्या बसतेय, मध्येच दार उघडायचं नाही. नंतर बघू. मी हो म्हटलं. उभी राहिले, ओळ दाखवली. एकानं विचारलं, कुणाला वगळलं का? मी म्हणाले, एक नमुना, दूषित.

टाळ्या पडल्या. माझी दोन वर्षं वाढली. मॅडमनी पेढ्यांऐवजी सगळ्यांना पेनं वाटली.

ती खोली आता मला नको वाटते. चपला काढून आत जाते आणि पाच मिनिटांत परत बाहेर येते. तुझं रक्त दूषित नव्हतं. माहीत असून मी ते खोटं बोलले. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मला सांगायचं होतं.

भिंगरी


९ जून

दुसऱ्या कुणाकडूनच कळलं. तुझा छापील अहवाल सगळ्या अकरा जणांना टपालानं गेला. मुकादमानं त्याच्या सुनेकडून वाचून घेतला आणि काल काठी टेकत वर आला. वर म्हणजे माझ्या घरी. हो, मी घरी आहे. ते पुढे सांगते. मुकादम म्हणाला, बाई, यात एकेचाळीसच आहेत, मी चार वेळा मोजले. आयुष्यभर हाताखालची माणसं मोजली त्यानं, तो चुकत नाही. मग मी उशीखालची तुझी दोन्ही पत्रं फोडली.

आधी माझं. इस्पितळात एकोणीस दिवस, तुझ्या बापाकडे तीन आठवडे. त्याची लिफ्ट दोनदा बंद पडली, मला फार समाधान वाटलं. तांब्याची गोळी रोज सकाळी. चाळीस वर्षं जे नखांतून ब्रशनं काढत होते तेच आता पाण्याबरोबर गिळते, आणि डॉक्टर म्हणतो विसरू नका. परवाच्या रक्तात आकडा सत्तर आला. तो कागद माझ्याकडे आहे, तुझ्या मॅडमला हवा असेल तर बघायला देईन, ठेवून घ्यायला नाही.

पाय. उजवा तसाच, कापूस. डॉक्टर म्हणाला, तो तसाच राहील, आशा धरू नका. मी म्हटलं, धरायला मला काठी दिलीये. डावा मात्र बुधवारी बेसिनपाशी उभी असताना टाचेला गार लागला. एवढीशी जागा, रुपयाच्या नाण्याएवढी. फरशी गार असते हे मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, होती.

तुझ्या बापाशी करार झाला. नवी कवळी करायची, घट्ट, पेस्टशिवाय बसणारी. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. शिंपीण सकाळ-संध्याकाळ हाक मारणार, मी ओ द्यायची. ओ नाही दिली तर ती त्याला कळवणार. चार खेपा दातवाल्याकडे झाल्या, तुझा बाप सोबत होता, आणि जग बुडालं नाही. पडले ते लपवलं ही माझी चूक. लपवलं नसतं तर तुला वर्षभर आधी कळलं असतं आणि उजवा पायही वाचला असता. ट्यूबा तू पाठवल्यास, पण रोज बोटभर तोंडात मी भरत होते आणि यादीत लिहीत नव्हते, कारण मला ते खाणं वाटलं नाही. तेव्हा त्यावर रडत बसू नकोस. बापाला सांगितलंस ते बरोबर केलंस. मी पत्र लिहू नकोस म्हटलं ते रागात म्हटलं.

पण एकेचाळीसचं मला पटत नाही.

समितीसमोर उभी राहून तू माझं रक्त घाण होतं म्हणालीस. तीन आठवडे आधीच तुला कळलं होतं की ते घाण नव्हतं. तू घाबरलीस हे मला समजतं. नोकरी जाईल म्हणून मीही एकदा रंगाऱ्याची तार बघून न बघितल्यासारखं केलं होतं, पहिल्या महिन्यात. दुसऱ्या महिन्यात त्याचं पाप एका पोराच्या माथी आलं, मग मात्र मी बोलले. तुझाही एक महिना झाला.

ती पेस्ट अजून विकतायत भिंगरी. माझ्यासारखी कवळी नाचणारी म्हातारी कुठल्या तरी जिन्यात कठडा धरून उभी असेल आणि तिचा डॉक्टर म्हणत असेल, वय झालं. तिचंही रक्त कुणीतरी मोजेल, नऊ येईल, आणि मोजणारीला वाटेल नळी खराब. तुझ्या अहवालात सत्तावीस नंबर असता तर तिनं एकदा थांबून बघितलं असतं. लंबूच्या कपाटात तीच पेस्ट निघाली, मीच त्याला दिली होती. तो थोडी लावायचा म्हणून वाचला. मी त्याच्याकडून ट्यूब काढून घेतली आणि तो आता बोलताना शिट्टी वाजवतो.

एका माणसाची गोष्ट म्हणतात तुझ्या मॅडम. मोटारीत एक फेरा कमी भरला तर मोटार चालू होते, गुणगुणते, आणि पंधरा दिवसांनी जळून परत येते. मग ती दुकानाच्या नावावर येते, त्या फेऱ्याच्या नाही.

तेव्हा मी सांगते ते करायचं. सत्तावीस नंबर परत तक्त्यात घ्या, जस्तासकट, तांब्यासकट, पेस्टसकट. ओळ वाकली तर वाकू दे. समितीला कळवा की नमुना शुद्ध होता, बघणारे चुकले. तुझी दोन वर्षं त्यात गेली तर इकडे ये, दोन खोल्या आहेत, आणि फाटक अजून करकरतं.

सोबत कोऱ्या पाकिटावर तिकीट लावून पाठवते आहे. या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. आत तुझं अक्षर दिसलं तर मी वाचणार नाही, परत उशीखाली टाकीन. पाकिटावर पत्ता हवा तर तू घाल. आतलं उत्तर तुझ्या मॅडमनं द्यायचं, स्वतःच्या हातानं, त्यांनी वाटलेल्या त्याच पेनानं, आणि पहिल्याच ओळीत लिहायचं की माणसं किती होती.